पाण्याचा ताळेबंद मांडला, पण ऊस लावून झाल्यावर: मांजरा खोऱ्यातल्या एका गावाचं प्रकरण

गावाचं नाव टाकत नाहीये, माणसांचीही नाही. लातूर-धाराशिवच्या सीमेवरचं, मांजरा खोऱ्यातलं गाव आहे एवढं पुरे, ओळखणारे ओळखतीलच. मी तिथल्या शाळेवर मास्तर, आणि एक्सेल येतं एवढ्या एका गुन्ह्यावरून गावाच्या पाणी समितीत घुसवलेला. आकडे मुद्दाम गोल केलेत, म्हणजे शिवार हजार हेक्टर आणि लोकसंख्या दोन हजार धरा, हिशेब करायला सोपं जातं आणि गावही झाकलं जातं.

पार्श्वभूमी

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्या वर्षी आमच्या गावात काय होतं ते कुणी बघितलं नाही, पण वेगळं काही नव्हतं. मग २०१८ ला राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात परत टँकर. टँकर आला की पोरं वर्गातून उठून पळायची, मीपण अडवणं सोडून दिलेलं, कारण पोरगं गेलं नाही तर घरची घागर मागं राहते.

दुष्काळ आपल्याला नवा नाही, १९७२ चा सांगणारी माणसं अजून पारावर बसलेली असतात. फरक एवढाच की त्या म्हाताऱ्यांनाही आता पावसाचा अंदाज लागेना झालाय, मृगात पेरायचं का आर्द्रात हे विचारलं तर हात हलवतात. आणि हे नुसतं पारावरचं बोलणं नाही. पुण्याच्या आयआयटीएमच्या, म्हणजे मान्सूनचा अभ्यास करणाऱ्या केंद्राच्या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला आणि केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं २०२० ला काढलेला अहवाल आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ मध्ये पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी जास्त झाले, आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरच्या वर पडणारा धोधो पाऊस १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढला. म्हणजे पडेना तेव्हा पडतच नाही आणि पडला की धुऊन नेतो. आम्ही २०१९ ला पाण्याच्या हिशेबाला बसलो तेव्हा हा अहवाल आलेला नव्हता पण भोगत होतो तेच.

सरकारी पातळीवर काहीच चाललेलं नव्हतं असं मात्र नाही, आणि हे सांगायलाच पाहिजे कारण गावात 'सरकार झोपलंय' म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. २००८ ला हवामान बदलावरचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०११ ला आयसीएआरनं, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेनं, निक्रा नावाचा कार्यक्रम सुरू केला ज्यात निवडक गावांत बदलत्या हवामानाला टिकणारी शेती करून बघतात, हैदराबादच्या क्रिडा या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेनं जिल्ह्या-जिल्ह्याचे आपत्कालीन पीक आराखडे केले, पाऊस पंधरा दिवस उशिरा आला तर काय पेरायचं, महिना उशिरा आला तर काय, असं सगळं. आणि २०१८ पासून महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या कर्जातून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, पाच हजारांहून जास्त गावांत. त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी येतं किती आणि खर्च होतं किती याचा हिशेब, मांडून मग कामं ठरवायची अशी पद्धत होती, मुंबईच्या आयआयटीची मदत घेऊन केलेली.

आमचं गाव त्या यादीत नव्हतं. शेजारचं होतं. तिथला एक जण माझा वर्गमित्र, त्याच्याकडून तो तक्ता बघून आलो आणि तशाच धर्तीवर आपला करायचा ठरलं. इथूनच प्रकरण सुरू होतं.

अडचण

मोजणी एप्रिलमध्ये केली. विहिरी मोजल्या, बोअर मोजले (बोअर मोजताना लोक खोटं बोलतात, खोली तर कुणीच खरी सांगत नाही, कायद्यानं ६० मीटरच्या खाली जायला बंधन आहे आणि इथं निम्मे बोअर त्याच्या कितीतरी खाली गेलेले), कोणत्या गटात काय पीक ते तलाठ्याच्या कागदावरून कमी आणि शिवारफेरीतून जास्त लिहून घेतलं.

मग शाळेच्या फळ्यावर हिशेब मांडला. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर. सातशे मिलिमीटर, हजार हेक्टर, झाले ७०० कोटी लिटर. लगेच एक तात्या म्हणाले, "मंग कमी कुटंय मास्तर? सातशे कोटी हायत की."

तिथंच खरी गंमत आहे. त्यातलं बरंच पीक आणि ऊन पिऊन टाकतं, काही ओढ्यानं वाहून जातं, आणि आपला खडक पडला बेसाल्ट, काळा कातळ, त्यात मुरतं फार कमी. दहा टक्क्यांच्या आसपास धरा, खडक बरा असला तर. म्हणजे विहिरी-बोअरच्या वाट्याला ७० कोटी लिटर, अख्ख्या वर्षाचे.

आता खर्च. पिण्याचं पाणी माणशी ५५ लिटर रोज धरलं, दोन हजार माणसं, ३६५ दिवस, झाले साधारण चार कोटी. जनावरांचं थोडं. आणि ऊस? हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर लागतात, त्यातलं पावसाचं वजा केलं तरी दीड-दोन कोटी विहिरीतूनच काढावं लागतं. म्हणजे अख्खं गाव वर्षभर जेवढं पितं तेवढं दोन-अडीच हेक्टर ऊस पितो. आणि चाळीस हेक्टर ऊस झाला की शिवारात मुरलेलं सगळं पाणी संपलं, हरभऱ्याला नाही, प्यायला नाही, कशालाच नाही.

शिवारफेरीत ऊस चाळीसच्या वरच निघाला होता.

फळ्यासमोर शांतता. मागं दाराजवळ बायका उभ्या होत्या, त्यातली एक मावशी म्हणाली, "ऊस कुनाकुनाचा हाय त्ये आधी लिवा, मंग बाकीचं बोला." ते लिहिलं नाही. सरपंच म्हणाले तो विषय वेगळा घेऊ, आणि मीपण खडू ठेवून दिला. ही पहिली चूक, आणि ती माझी आहे. यादी माझ्या वहीत होती.

समोर कोणते पर्याय होते

शेततळं सगळ्यांना पाहिजे होतं. अनुदान मिळतं, आपल्या नावावर होतं, आपल्या बांधावर दिसतं. पण आमच्याकडचं शेततळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जागा कमी आणि बोअरचं पाणी वर आणून उन्हात ठेवायची जागा जास्त. ३० बाय ३० मीटरचं तळं, उन्हाळ्यात रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे आठेक हजार लिटर रोज. दीड दिवसाला एक टँकर हवेत. हे मी सांगितलं तर एक अण्णा म्हणाले की मास्तर तुमचं गणित बरोबर आहे पण बोअर शेजाऱ्यानं ओढायच्या आत मी ओढून ठेवलं तर माझं तर वाचतं ना. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं.

दुसरं होतं ओढा खोलीकरण. पोकलेन लावला की काम दिसतं, फोटो चांगले येतात. काही ठिकाणी फायदा होतोही. पण मुरमाचा थर फोडून कातळापर्यंत गेलं तर पाणी साचतं, मुरत नाही, आणि ओढा विहिरीच्या तळापेक्षा खाली गेला तर उलट विहिरीचं पाणी ओढ्यात पाझरतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले एक काका नात्यातले निघाले, त्यांनी ओढ्यातनं चालत जाऊन काठीनं दाखवलं, इथं नको, इथं चालेल. तीनच जागा 'चालेल' निघाल्या. त्या काकांना आम्ही चहाशिवाय काही दिलं नाही हे आता वाईट वाटतं.

तिसरं कमी खर्चाचं, कमी दिसणारं: जुन्या सिमेंट बंधाऱ्यातला गाळ काढणं, विहीर पुनर्भरण म्हणजे शेतातलं वाहतं पाणी दगड-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडणं, आणि बांधबंदिस्ती.

चौथं पिकाचं. सोयाबीन बीबीएफवर म्हणजे रुंद सरी वरंब्यावर पेरायचं, खंड पडला तर सरीत ओल टिकते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, बियाणंही कमी लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहेच, शिवाय त्यांचं एमएयूएस ६१२ सारखं वाण, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही. आणि ऊस कमी करायचा किंवा निदान ठिबकवर न्यायचा.

काय ठरलं, काय केलं

ठरलं ते असं की तिसरं आणि चौथं करायचं, ओढ्याच्या त्या तीन जागा करायच्या, शेततळं ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं, समिती शिफारस करणार नाही पण अडवणारही नाही. आणि ऊस? 'ज्यानं त्यानं विचार करावा.' इतिवृत्तात असंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

गाळ निघाला, लोकांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं नेला कारण गाळ शेतात टाकायला सगळ्यांनाच पाहिजे होता, हे काम एकदम झकास झालं. विहीर पुनर्भरण बऱ्याच जणांनी केलं पण गाळणी दरवर्षी धुवायची असते ते तिसऱ्या वर्षी कुणी केलं नाही, एका विहिरीत तर गढूळ पाणी जाऊन मोटारच बसली आणि मग त्या भाऊंनी पाइपला बोळा कोंबून टाकला. अजून तसाच आहे.

बीबीएफचं यंत्र शेतकरी गटातून एकच मिळालं. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो दोन-तीन दिवसांसाठी आणि त्यात यंत्र सगळ्यांना एकदम पाहिजे, ज्याला मिळालं नाही त्यानं साध्या पेरणीयंत्रानं उरकलं, थांबून कोण राहणार. ड्रायव्हरला पण सवय नव्हती, पहिल्या वर्षी वरंबे नागमोडी, बैलाचं कोळपं चालेना, शिव्या आम्हाला. दुसऱ्या वर्षापासून जमलं.

आणि एक काम शाळेनं केलं. आमच्या महसूल मंडळाचं हवामान केंद्र गावापासून लांब आहे, तिथं पडला तो पाऊस कागदावर आमचा. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. आमच्या शिवारात बांध फुटलेत आणि केंद्रावर रिमझिम असं होतंच. म्हणून शाळेच्या पटांगणात साधं प्लास्टिकचं पर्जन्यमापक लावलं, रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खातं वाचतं त्याच वेळेला, आणि रजिस्टरला लिहायचं. आठवीच्या पोरांच्या पाळ्या लावल्या. पोरं एवढी मन लावून करायची की एकदा दोघांत भांडण झालं, पाण्याची वर चढलेली कड धरायची का मधली खालची, शेवटी विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र काढून मिटवलं.

पण रविवारी शाळा बंद. सोमवारी सकाळी नळीत दोन दिवसांचं पाणी एकत्र. रजिस्टर उघडलं की प्रत्येक रविवारी आडवी रेघ आणि सोमवारी फुगलेला आकडा. एका शनिवारी रात्री जबरदस्त झाला, ओढ्याकाठची सोयाबीन लोळली, लोक रजिस्टर मागायला आले आणि त्यात काय, रविवारी रेघ. तसंही सरकारदरबारी मंडळाचाच आकडा धरतात, पण निदान निवेदनाला जोडता आलं असतं. एवढी साधी गोष्ट, आणि मला दोन वर्षं सुचली नाही.

पुढं काय झालं

२०२० ते २०२२ पाऊस चांगला झाला. २०२१ च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, खाली पूर आला. आमच्या विहिरी तुडुंब. गाळ काढलेल्या बंधाऱ्यात मार्चपर्यंत पाणी. लोक खूश, आमचा सत्कार, शाल-नारळ.

आणि त्या पाण्यावर ऊस वाढला. ज्यांनी कधी लावला नव्हता त्यांनीही लावला, पाणी दिसतंय, कारखाने नेतायत, सोयाबीनला भावाचा भरवसा नाही, मग माणूस काय करणार. म्हणजे आम्ही चार वर्षं जे मुरवलं ते सगळं त्या न झालेल्या चर्चेच्या पोटात गेलं. मी ताळेबंद दरवर्षी मांडत होतो, एप्रिल-मेमध्ये, सुट्टीत वेळ मिळतो म्हणून. आणि पूर्वहंगामी उसाची लागण होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू हंगामाच्या उसाची जानेवारीच्या आसपास. मी हिशेब मांडायचो तेव्हा ऊस गुडघ्याला लागलेला असायचा. उभा ऊस मोडा म्हणून कोण कुणाला सांगणार?

मग आला २०२३ चा ऑगस्ट. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. आमच्या रजिस्टरला पानभर शून्य, पोरं कंटाळून शून्याला डोळे-नाक काढायला लागली. सोयाबीन फुलात-शेंगात. इथं बीबीएफचं खरं कळलं: भारी जमिनीत, वापशावर वेळेत पेरलेलं, ते दुपारी मान टाकायचं पण सकाळी परत उभं. बाजूचं सपाट पेरलेलं पिवळं पडून पानगळ. माळावरच्या मुरमाड रानात मात्र काडीचाही फरक पडला नाही, बीबीएफ असो नाहीतर काही असो, तिथं मुळाखाली मातीच नाही. हे मी मुद्दाम लिहितोय कारण यशोगाथेत ते माळरान कुणी दाखवत नाही.

ज्यांच्याकडं पुनर्भरणाची विहीर होती त्यांनी सोयाबीनला एक पाणी देऊन वाचवायला पाहिजे होतं, सगळा खटाटोप त्याच एका पाण्यासाठी होता. पण विहिरीचं पाणी उसाला चालू होतं. वर्षभराचा खर्च झालेला ऊस वाळू देऊन कोण सोयाबीनला पाणी देईल? २०२४ च्या उन्हाळ्यात गावात परत टँकर. त्याच जागी, चिंचेखाली.

२०२५ च्या सप्टेंबरात उलटं. मांजरा, तेरणा, सीना सगळ्याच फुगल्या. बीबीएफच्या सऱ्यांनी पहिल्या दोन पावसांचं पाणी काढून दिलं, तिसऱ्याला ओढाच शेतात शिरला तेव्हा सरी काय आणि वरंबा काय. गाळ काढलेला एक बंधारा बाजूनं फुटला आणि खालच्या दोघांची माती गेली. गेलेली माती भरून यायची नाही, त्या घरासमोरून जाताना अजून मान खाली जाते.

निर्णय कुठं चुकले, आता काय वेगळं करू

सगळ्यात मोठं म्हणजे वेळ. ताळेबंद उसाच्या लागणीआधी, सप्टेंबर संपता संपता मांडायला पाहिजे, पाऊस किती झाला ते कळलेलं असतं आणि रब्बी-ऊस ठरायचा असतो. भूजल यंत्रणा पण निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबरमध्ये मोजतेच. देशाच्या पातळीवरचा अभ्यास, राज्याचा आराखडा, आयआयटीचा तक्ता, हे सगळं आमच्या फळ्यापर्यंत नीट पोचलं होतं आणि मी ते सहा महिने उशिरा वाचून दाखवत होतो.

दुसरं, ती मावशी म्हणाली तेव्हा यादी लिहायला पाहिजे होती. भांडण झालं असतं, कबूल. पण ऊसवाले काही राक्षस नाहीत, त्यातल्या निम्म्यांना ठिबकचा पर्याय त्या दिवशीच पटला असता असं मला वाटतं, नंतर पटवायला गेलो तेव्हा त्यांना तो आरोप वाटला. आणि बायकांना दाराजवळ उभं न करता पुढं बसवायला पाहिजे होतं, टँकरची घागर त्याच उचलतात.

तिसरं, बीबीएफ सगळ्या गावाला सांगायला नको होतं. भारी आणि मध्यम जमिनीला सांगायचं, माळवाल्यांना तूर, बाजरी, गवत असलं काहीतरी वेगळं. सरसकट सांगितल्यामुळं माळवाल्यांचा आमच्यावरचा विश्वासच उडाला. आणि एका यंत्रावर पन्नास माणसं अवलंबून ठेवायची नाहीत, बैलाच्या पेरणीनंतर दर चार ओळींनी सरी काढली तरी बरंच काम होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं.

बंधाऱ्याचं म्हणाल तर गाळ काढताना बाजूची भिंत आणि सांडवा बघायलाच पाहिजे. आम्ही दुष्काळाची तयारी करत होतो, पूर डोक्यातच नव्हता. मराठवाड्यात पूर म्हणलं की २०१९ ला लोक हसले असते.

पर्जन्यमापक आता शाळेशेजारी राहणारी नववीतली एक पोरगी रविवारी पण वाचते, रेघ बंद झाली. ताळेबंदाची बैठक २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्यायची असं २०२५ च्या उन्हाळ्यातच ठरवलं होतं, यादीसकट. पण त्याच दिवशी दसरा आला आणि गाव पंचनाम्याच्या मागं, चिखलात. सात माणसं आली. सातातले तिघं ऊसवाले होते. यादी वाचली. एक जण म्हणाला माझं नाव खाली टाक, दोन एकर कमी करतो यंदा. बाकीचे दोघं काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.